मस्की आणि बुडून वर येणारे ल्युअर : कुठला घ्यायचा, कसा ओढायचा

खाडीकाठ (मॅडिसन, विस्कॉन्सिन) · ९ सप्टेंबर, रात्री १०:१२

गप्पांच्या पानावर मस्कीचा विषय निघाला तेव्हा दोघातिघांनी "वेगळा धागा काढा, इथे वाहून जाईल" म्हटलं होतं. मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या गडबडीत राहून गेलं. आता पाणी गार व्हायला लागलंय आणि ज्या ल्युअरबद्दल, म्हणजे गळ लावलेल्या खोट्या माशाबद्दल, लिहायचंय त्याचे दिवस आत्ताच सुरू होतात, म्हणून आज बसलोच.

मस्की माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मस्कीलंज हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, पाइकचा थोरला भाऊ. नाव ओजिब्वे भाषेतून आलेलं. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा केलं. हेवर्ड गावात एका म्युझियमची इमारतच मस्कीच्या आकाराची आहे, चार मजली उंच. लोक जबड्यात उभे राहून फोटो काढतात. इकडे त्याला "दहा हजार फेकींचा मासा" म्हणतात. मी फेकी मोजत नाही. सहा वर्षांत माझ्या जाळीत आलेले (आणि परत सोडलेले) मासे नऊ, यावरून काय तो अंदाज करा.

मी हर्णैच्या बाजूचा. लहानपणी काकाबरोबर खाडीवर गरवायला जायचो. गरीला कोलंबी लावायची, तंगूस बोटावर धरायचं आणि बसायचं. बसणं हेच काम. इथे येऊन खोट्या माशाने गरवायला शिकलो आणि ते बसणं नेमकं विसरलो. पहिली चार वर्षं नुसता रॉड हलवत होतो.

तर ल्युअर. इकडे याला 'डाइव्ह अँड राइज' म्हणतात, जर्कबेटचाच, म्हणजे ओढत-थांबवत चालवायच्या ल्युअरचाच, एक प्रकार. जर्कबेटमधे दुसरी जात ग्लायडरची, तो पाण्यात डावी-उजवीकडे घसरत येतो. आपला मात्र वर-खाली. मूळचा तरंगणारा, बहुतेक लाकडाचा. ओढला की नाक खाली घालून दोन-चार फूट बुडतो, दोर सैल सोडला की शेपटीकडून, थोडा मागे सरकत, वर येतो. मरायला टेकलेला मासा असाच वागतो : एकदा जोर करून खाली जातो, दम संपला की वर तरंगतो.

यातला सगळ्यात नावाजलेला म्हणजे सुइक थ्रिलर, आमच्याच राज्यातल्या अँटिगो गावचा. फ्रँक सुइक यांनी पेलिकन लेकवर ओळीने तीस दिवस रोज एक मस्की पकडला ही गोष्ट इकडे ल्युअरच्या कुठल्याही दुकानात गेलात तरी ऐकायला मिळते. बॉबी बेट, बर्ट, रीफ हॉग ही बाकीची नावं. रीफ हॉग जरा घसरतोही, त्यामुळे तो दोन्ही घरचा पाहुणा.

सुइक हातात घेतलात तर म्हणाल, हे काय, फळीचा रंगवलेला तुकडा! पोटाखाली ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, आणि मागे पातळ पत्र्याची शेपटी. सगळी किल्ली त्या पत्र्यात. शेपटी खाली वाकवली की ओढताना पाणी तिच्यावर आपटून मागची बाजू उचलतं आणि नाक खाली जातं. जितकी वाकवाल तितका तो तीव्र बुडतो. सरळ ठेवलीत तर वरवर चालतो. वाकवायची बोटांनी, केसभर. मग होडीच्या कडेला एकदा ओढून बघायचं, परत केसभर. जास्त झाली तर ल्युअर गरागरा फिरतो आणि मासा काय, बेडूकही बघत नाही. मागून डोळा लावून शेपटी एका अंगाला कलली नाही ना तेही बघा. मी एका दुकानातून घेतलेल्या नव्याकोऱ्या ल्युअरची शेपटी पिळलेली होती. अख्खा जुलै मी "आपल्यालाच जमत नाही" असं समजून घालवला.

ओढायची पद्धत : फेकल्यावर आधी सैल दोर गुंडाळून घ्या. रॉडचं टोक पाण्याकडे. मनगटाने हिसका नाही द्यायचा, साधारण फूट-दोन फूट खाली ओढायचं, विहिरीचा दोर ओढतो तसं, एका दमात. मग टोक परत ल्युअरच्या दिशेने न्यायचं, म्हणजे दोर सैल पडतो आणि तो वर यायला मोकळा होतो. वर येताना रीळ फिरवून फक्त ढिलाई काढायची, त्याला खेचायचं नाही. आणि मग थांबायचं.

किती थांबायचं, यासाठीच हा धागा. गेल्या ऑक्टोबरात मोनोना लेकवर सकाळी रिळात दोराचा गुंता झाला. ल्युअर तीसेक फुटांवर, नुकताच वर आलेला. मी खाली मान घालून नखाने एकेक वेढा सोडवतोय, हात गारठलेले, तोंडाने शिव्या. पंधरा-वीस सेकंद तरी गेली असतील. "भप्प" असा आवाज आला, वर बघतो तर ल्युअर नाही, नुसतं वर्तुळ. अंगठ्याने रीळ दाबून धरलं, तो गुंत्यासकट लागला! ४३ इंच. त्या दिवसापासून ओढ आखडती आणि थांबा लांब असं धोरण ठेवलंय. नऊपैकी पाच मासे त्यानंतरचे, आणि पाचातले चार ल्युअर वर येत असताना नाहीतर वर येऊन निपचित पडल्यावर लागलेले.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः गार पाण्यात कोण किती थांबतं?

मिनेसोटेकर · १० सप्टेंबर, सकाळी ७:३५

छान धागा. थांब्याला माझं पूर्ण अनुमोदन. पण खाडीकाठ, तुम्ही सामानाबद्दल काही लिहिलंच नाहीत आणि नवीन माणूस तिथेच फसतो.

दोर ८० पाउंडी ब्रेडेड (विणलेला), त्याच्या खाली जाऊ नका. माशासाठी नाही म्हणत मी, फेकीसाठी. एवढं जड लाकूड फेकताना रीळ अडकलं तर बारीक दोर बंदुकीसारखा तुटतो आणि पंधरा-वीस डॉलर हवेत जाताना दिसतात. नायलॉन, तुमचं तंगूस, इथे कामाचं नाही, ताणलं जातं. तुम्ही दोन फूट ओढता, ल्युअर सहा इंच हलतो.

लीडर, म्हणजे दोर आणि ल्युअर यांच्या मधला न तुटणारा तुकडा, आखूड आणि ताठ हवा, एकेरी तारेचा उत्तम. कारण या ल्युअरला सतत ढील मिळते, आणि मऊ लीडर ढील मिळाली की पुढच्या गळात जाऊन बसतो. मग तो वेडावाकडा येतो आणि फेक फुकट. जाड फ्लुओरोकार्बन पण चालतो, मी १३० पाउंडी वापरतो. लीडरशिवाय मात्र टाकायचा नाही. मस्कीचे दात एकदा बघितलेत की सांगावं लागणार नाही.

तिसरं, गळ लागायची भानगड. मासा लाकडावर दात रोवून धरतो. तुम्ही जोर लावता, ल्युअर त्याच्या तोंडात जरासुद्धा सरकत नाही, म्हणजे गळ टोचतच नाहीत. मग तो होडीपाशी येऊन नुसतं तोंड उघडतो आणि जातो. माझे तीन असेच गेले. उपाय एकच, गळांना कानस मारून टोक नखावर अडकेल इतकं धारदार ठेवायचं आणि रॉड आडवा, खालच्या बाजूला जोरात ओढायचा. वर उचलायचा नाही.

शुभदा_क · १० सप्टेंबर, दुपारी १:०४

मी यात अगदी नवीन आहे, नवऱ्याने मागच्या वर्षी नाद लावला. आम्ही मिलवॉकीला असतो. त्याच्याकडे या प्रकारचे चौदा ल्युअर आहेत, सगळे वेगवेगळ्या रंगांचे, आणि मासे शून्य. :) पहिला एकच घ्यायचा तर कुठला? रंगाला खरंच काही अर्थ आहे का?

खाडीकाठ · १० सप्टेंबर, रात्री ९:२०

शुभदाताई, चौदा असतील तर पंधरावा घेऊ नका. आहेत त्यातले सगळे बाथटबमधे सोडा. (माझ्या बायकोने एकदा असं बघून काही न बोलता दार लावून घेतलं होतं.) प्रत्येक ल्युअर हाताने तळाशी दाबा आणि सोडा. एखादा बुचासारखा उसळेल, एखादा आळसावत वर येईल. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे दोन ल्युअरही वेगळे निघतात, कारण प्रत्येक लाकडाचा तुकडा वेगळा. आळशी असेल तो बाजूला काढा, आत्ता शरद ऋतूत तोच कामाचा. उसळणारा उन्हाळ्यात, वनस्पती वरपर्यंत आलेल्या असताना वापरायचा.

सात इंची असला तर त्यानेच सुरुवात करा. दहा इंची दिवसभर ओढला तर दुसऱ्या दिवशी पोळी लाटता येत नाही, स्वानुभव.

रंग : एक काळा, एक पर्च माशासारखा पट्ट्यांचा. संपलं. बाकीचे बारा भिंतीवर छान दिसतील.

सुतारपक्षी (टोरांटो) · ११ सप्टेंबर, पहाटे ५:५०

बाथटब चाचणीत एक भर घालतो. मी हे ल्युअर घरी बनवतो, देवदाराच्या लाकडाचे, आणि कवार्था लेक्सवर वापरतो. चाचणी करताना गळ आणि कड्या लावलेल्या असाव्यात. सहा नुसत्या ल्युअरना शिसं भरून, रंगवून, लॅकर मारून झाल्यावर मी गळ लावले आणि सहाही बुडाले. सहा! पोरगा म्हणाला, "बाबा, पेपरवेट मस्त झालेत."

त्यानंतर असं करतो : रंगाआधी लाकूड नुसतं सील करायचं, सगळे गळ लावायचे, बादलीत सोडायचं. पोटाला रबर बँडने शिशाचे तुकडे बांधून सरकवत राहायचं. पाठीची रेघ पाण्यावर बोटभर दिसते आणि ल्युअर आडवा, किंचित शेपटीकडे झुकलेला तरंगतो, तिथे पेन्सिलीने खूण. मग तेवढंच शिसं आत भोक पाडून. शिसं पुढे गेलं तर तो नाकावर उभा राहतो, मागे गेलं तर बुडायला कुरकुर करतो.

विकतच्या लाकडी ल्युअरबद्दल पण लक्षात ठेवा, माशाच्या दातांनी रंग फुटला की तिथून पाणी शिरतं. सकाळी उसळणारा ल्युअर संध्याकाळी जड होतो. रोज घरी आल्यावर फुटलेल्या जागी पारदर्शक नेलपॉलिश लावा. आमच्या घरी माझं नेलपॉलिश वेगळं आणि हिचं वेगळं. ही कटकट नको असेल तर प्लास्टिकचा बर्ट घ्या, तो पाणी पीत नाही.

अण्णा_मालवण · ११ सप्टेंबर, दुपारी ३:१५

झकास वाचतोय. आमच्याकडे खाडीत चोणक धरायला हल्लीची पोरं असेच खोटे मासे वापरतात. (वर रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात.) खारफुटीच्या मुळांशी टाकायचा, दोन टिचक्या द्यायच्या आणि वर येऊ द्यायचा. चोणक पण वर येतानाच घेतो, तेव्हा तुमचं म्हणणं मला चटकन पटलं.

एक विचारतो, राग मानू नका. हा एवढा चार फुटी मासा धरून तुम्ही सोडून देता? मग दहा हजार वेळा फेकता कशाला? आमच्या घरी असा मासा सोडून आलो तर मलाच घरात घ्यायचे नाहीत.

खाडीकाठ · ११ सप्टेंबर, रात्री १०:०२

अण्णा, राग कसला. काकाला फोनवर सांगितलं तेव्हा तोही हेच म्हणाला, फक्त शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते.

कायद्याने काही मासे ठेवता येतात. विस्कॉन्सिनमधे बहुतेक ठिकाणी ४० इंचांच्या वरचा, मिनेसोटात तर ५४ इंचांचा नियम आहे. पण मस्की फार सावकाश वाढतो. ४० इंचांचं व्हायला मादीला साधारण सात ते दहा वर्षं लागतात, आणि एका तळ्यात ते असतात तरी किती? चोणकासारखे समुद्रातून नवे येत नाहीत. इथल्या पुष्कळ तळ्यांत मत्स्य खात्याने पिल्लं सोडून ते टिकवलेत. त्यामुळे खाणारे आता हातावर मोजण्याइतके. खायचं असेल तर वॉलाय मासा आहे की, त्याचं तिखलं अप्रतिम होतं.

सोडायचं तर नीट सोडायचं. रबरी जाळी मोठी हवी, मासा तिच्यात पाण्यातच राहिला पाहिजे. गळ लांब पकडीने काढायचा, निघत नसेल तर बोल्ट कटरने सरळ कापायचा. तीन डॉलरच्या गळापायी माशाला होडीत लोळवू नका. आणि पाणी २७ अंशांच्या वर गेलं की मी मस्कीला जातच नाही. सोडलेला मासा पोहत जातो खरा, पण नंतर मरतो. त्या दिवसांत मी मुलांना घेऊन ब्लूगिल, म्हणजे छोटे मासे, धरतो.

उनाड (शिकागो) · १२ सप्टेंबर, सकाळी ११:४४

सगळं ठीक, पण माझं मत वेगळं आहे. एका फेकीला तुम्ही पाच मिनिटं लावणार, तेवढ्यात मी दहा नंबरच्या दोन पात्यांचा बकटेल (फिरत्या पात्यांचा, केसाळ शेपटीचा ल्युअर) आठ वेळा फेकून अख्खी कड पिंजून काढतो. मस्की शोधायचा मासा आहे. जितकं जास्त पाणी गाळाल तितकी शक्यता जास्त, साधं गणित. आणि ते थांबणं वगैरे... गुंत्यातला मासा म्हणजे नशीब, त्यावर धोरण काय आखायचं?

खाडीकाठ · १२ सप्टेंबर, दुपारी १२:३०

गणित उन्हाळ्यात बरोबर. जुलैमधे मी पण बकटेलच फिरवतो. पण पाणी १५-१६ अंशांवर आलं आणि वनस्पती अर्धवट पडल्या, की बकटेल दर दोन फेकींना शेवाळाचा पुंजका घेऊन येतो. मॅडिसनच्या तळ्यांत मिलफॉइल ही पाणवनस्पती किती माजलीय ते तुम्हाला ठाऊक असेल. तिथे हा फळीचा तुकडा जिंकतो : पानाला टेकला असं हाताला जाणवलं की ओढणं थांबवायचं, तो आपोआप मागे आणि वर निघतो. बकटेलला थांबवलात तर तो बुडून अजून अडकतो.

शिवाय मासा कुठे आहे ते माहीत असेल तेव्हा "शोधण्याचं" गणित लागू होत नाही. सकाळी बकटेलच्या मागे येऊन परत फिरलेला मासा त्याच कोपऱ्यात संध्याकाळी बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर काहीतरी दुबळं, थांबलेलं ठेवायचं.

गुंत्यातला मासा नशीबच होता. पुढचे चार नव्हते.

उनाड · १२ सप्टेंबर, दुपारी १:१०

मागे येऊन परत फिरलेल्याचा मुद्दा मान्य. बाकी बकटेल झिंदाबाद.

शुभदा_क · १४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:५५

अहवाल! काल ओकोची लेकला गेलो होतो. बाथटबमधे नापास झालेले अकरा घरी ठेवले, नवरा तोंड पाडून बसला होता. मी सात इंची, काळा, आळशी.

पहिला तास शेपटी जास्त वाकवलेली, ल्युअर भिंगरीसारखा फिरत होता. मग "केसभर" आठवलं. सरळ करत करत एकदाचा तो नाक घालून खाली गेला आणि हळूच वर आला, इतका खरा वाटला की मी नवऱ्याला ओरडून दाखवला. अकराच्या सुमारास मी थांबा मोजत होते, मनातल्या मनात, एक ते सात. पाचला ल्युअरच्या मागे पाण्यात एक लांब तपकिरी सावली दिसली. मोठी. नुसती उभी. मी घाबरून रीळ फिरवत सुटले आणि ती होडीपर्यंत मागे आली आणि खाली गेली. पाय अजून थरथरताहेत.

काय करायला हवं होतं? आणि होडीपाशी ल्युअर पाण्यात आठच्या आकड्यासारखा फिरवतात म्हणे, तो या तरंगणाऱ्याने कसा काढायचा? माझा पाण्यावरच फरफटत आला.

मिनेसोटेकर · १४ सप्टेंबर, रात्री ८:४०

अभिनंदन! चौदा ल्युअरच्या इतिहासातली पहिली सावली.

मासा मागे उभा असताना जे चालू होतं तेच चालू ठेवायचं. तो थांब्यावर आला होता ना? मग एक छोटीशी, चार इंचांची ओढ आणि परत थांबा. एकदम पळायला लागलात तर काही मासे चेकाळून झडप घालतात, पण बरेचसे तुमच्याकडे आला तसे खाली जातात.

आठचा आकडा : लीडर टोकाच्या फूटभर अंतरावर आला की रॉडचं टोक पाण्यात घालायचं, हातभर खोल. मग ल्युअर ओढीने खालीच राहतो. आणि आठ कसला, मोठा लांबट गोल काढा. या ल्युअरला आखूड वळण घेता येत नाही, तो वळणावर कलंडतो. वळणाच्या बाहेरच्या टोकाला क्षणभर टोक वर आणा, तो दोन इंच वर तरंगेल. झडप तिथेच. रिळाचा ड्रॅग (दोर सुटू देणारा ब्रेक) आधीच किंचित सैल करून ठेवा, एवढ्याशा दोरावर घेतला तर काहीतरी तुटतं.

आणि चष्मा? पोलराइज्ड होता ना? गळ उडून येतात, डोळे झाकलेले पाहिजेत.

शुभदा_क · १४ सप्टेंबर, रात्री ९:०२

चष्मा होता म्हणूनच सावली दिसली. नवऱ्याने आणला नव्हता, त्याचा अजून विश्वास बसत नाहीये की मासा होता.

अण्णा_मालवण · १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सुतारपक्षी, आमच्याकडे देवदार कुठला. मी पांगाऱ्याचं लाकूड घेतलंय, हलकं असतं, आणि चोणकाच्या बेताने चार इंची कोरतोय. बादलीची चाचणी केली, गळ लावून केली, काळजी नसावी. शेपटीचा पत्रा कसला घालू? डब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात आठवड्यात गंजेल.

सुतारपक्षी · १५ सप्टेंबर, दुपारी १२:१८

डब्याचा अजिबात नको. मी इकडे ॲल्युमिनियम वापरतो, पण खाडीत तुम्हाला स्टेनलेस बरं. जाड घेऊ नका, बोटाने वाकला पाहिजे आणि वाकवलेला तसाच राहिला पाहिजे. जुनं पातळ स्टीलचं ताट असेल तर त्याचा मधला सपाट भाग कापा, कडा कानशीने मऊ करा. पांगारा भरपूर पाणी पितो, सीलचे दोन हात जास्त मारा, स्क्रूच्या भोकांतसुद्धा.

अण्णा_मालवण · १५ सप्टेंबर, दुपारी १२:४१

ताट मिळालं. कोणाचं ते विचारू नका.